पहिला नंबर

२०२४ साल होतं. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, माझ्याहून थोडे मोठे. आपली पाळी आली की ती उचलून दुसऱ्याच्या हातात ठेवणारा असा माणूस रायपुरात तर नाहीच, पण इथून नागपूरपर्यंत रुळाच्या दोन्ही अंगांना कुणी दाखवून दिला तर मी मिशा उतरवायला तयार आहे. या मिशा आजवर एकदाच उतरल्या, बाप गेला तेव्हा. अशा माणसानं त्या साली, जी गाडी अजून कारखान्यातून बाहेरही पडली नव्हती, त्या गाडीसाठी डीलरकडे पैसे भरून सगळ्या रायपुरात पहिला नंबर लावला. साधीसुधी गाडी नाही. लाल, बसकी, विजेवर चालणारी, आणि डोळा मिटून उघडेस्तोवर शंभरच्या वेगाला जाणारी.

आमचे दोघांचेही बाप नोकरीपायी विदर्भातून इकडे आले आणि इकडचेच झाले. मी चार बुकं शिकलो आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांतून लोखंड वाहणाऱ्या ट्रेलरवर बसलो. उभ्या आयुष्यात कुणाला बाजू दिली नाही. साडभाऊ रेल्वेत मालगाडीचे गार्ड झाले. आता मालगाडी म्हणजे काय, तर सगळ्यांनी पुढे जावं म्हणून बाजूच्या रुळावर उभी करून ठेवायची चीज. मेल येते, एक्स्प्रेस येते, रिकामं इंजिनसुद्धा शिट्टी मारत पुढे निघून जातं, आणि शेवटच्या डब्यात हा माणूस डबा उघडून थंड पोळी खात बसलेला. दुसरा असता तर चिडका झाला असता. यांना ते मानवलं. "पुढे जाणाऱ्याले जाऊ द्या न साडभाऊ," ते म्हणत. "तो पोचला म्हणजे आपणच पोचलो." मी म्हणायचो, "तो जेवला म्हणजे तुमचं पोट भरते काय?" तर यावर ते खरोखर विचार करत बसायचे.

सलूनमध्ये जातील सकाळी आणि दाढी होईल दुपारी, कारण येईल त्याला "तुम्ही बसा, तुमाले कामावर जायचं असंन" असं म्हणत स्वतः बाकावरून हलणार नाहीत. लग्नाच्या पंगतीत पान मांडून बसतील, आणि कुणी उभा दिसला की उठून त्याला बसवतील. शेवटी आचाऱ्यांबरोबर जेवतील आणि वर घरी येऊन सांगतील की आचारी फार चांगली माणसं होती. पण हे सगळं काहीच नाही. स्वतःच्या लग्नात त्यांनी जे केलं, ते आमच्या सासरी अजूनही लहान मुलांना गोष्ट म्हणून सांगतात. मंदिरात त्या दिवशी दोन लग्नं होती आणि भटजी एक. यांचा मुहूर्त गाठलेला, अंतरपाट धरलेला, ताई, म्हणजे माझ्या बायकोची बहीण, हातात हार घेऊन उभ्या. इतक्यात दुसऱ्या वऱ्हाडातला कुणी येऊन म्हणाला की आमच्या लोकांना दुपारची गाडी पकडायची आहे हो. झालं! नवरदेवानं अंतरपाटाच्या वरून मान काढून भटजींना सांगितलं, "त्याइचं पयले लावून द्या." त्यांचं लागेपर्यंत इकडचा मुहूर्त टळला. पुढचा निघाला गोरजाचा. तोवर ताई तो हार घेऊन बसल्या. फुलं सुकली, नवरी मात्र पेटली, ती आजतागायत विझलेली नाही असं माझी बायको सांगते.

पुढे स्कूटरचा नंबर लावला. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. नंबर लागला, तर तो यांनी हाताखालच्या एका माणसाला देऊन टाकला, त्याच्या लेकीच्या लग्नात स्कूटर द्यायची होती म्हणून. ताई बाजारात जात राहिल्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. हेही त्यांनी गिळलं. पण सरकारी दवाखान्यात ताईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला, तेव्हा यांनी बाहेर बाकावर रडत बसलेल्या एका अनोळखी बाईला तो देऊन टाकला. "तिले जास्त दुखत होतं वं," म्हणाले. त्या बाईनं दिवाळीला अनारसे पाठवले. ताईंनी ते गाईला घातले, आणि यांच्याशी होळीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. गुडघे मात्र आजही करकर बोलतात.

अभनपूरकडे यांच्या वडिलांनी घेतलेली थोडी जमीन होती. ती नव्या रस्त्यात गेली आणि म्हातारपणी हातात पैसा आला. आम्हाला वाटलं आता घर दुरुस्त करतील, काशीला जातील. हे गेले सलूनमध्ये. बाकावर बसून लोकांना पुढे सोडत असताना टीव्हीवर ती लाल गाडी पाहिली आणि तिथून उठून, दाढी तशीच ठेवून, शोरूमला जाऊन पैसे भरून आले.

मी तडक तात्यापाऱ्यात त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "साडभाऊ, तुमाले सायकल सोडून काही चालवता येत नाही. ही गाडी तुमच्या गल्लीत शिरत नाही. मधात गाय बसली तं तिले उठवाची तुमची हिंमत नाही. कायले पाह्यजे तुमाले एवढी भन्नाट गाडी?"

ते थोडे लाजले. मग म्हणाले, "तसं नाही साडभाऊ. पाहा, मी साऱ्याइले पुढे जाऊ देईन. एकाएकाले. सारे गेले की मंग निघीन. अन् तरीबी टाइमावर पोचीन."

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिनं पोळी तव्यावरच राहू दिली आणि म्हणाली, "पाहा तुम्ही. नंबर लागीन त्या दिवशी तोही कोणाले तरी देऊन येतीन."

गाडी काही लवकर निघेना. आज येते, उद्या येते. वाट पाहण्यात साडभाऊंना त्रास नव्हता, तो त्यांचा धंदाच होता. शेवटी शोरूमवाल्यांचा फोन आला की दाखवायची गाडी आली आहे, ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी येऊन पाहावी. माझ्या जुन्या चारचाकीत दोघांना बसवून मी घेऊन गेलो. ताई नको नको म्हणत होत्या, पण लुगडं इस्त्रीचं नेसल्या होत्या.

शोरूममध्ये एसी असा, की मला मफलर आठवला. मध्यभागी ती गाडी, वरून दिवे सोडलेले. साडभाऊ हात मागं बांधून दुरूनच पाहत राहिले, जशी काय ती दुसऱ्याचीच आहे. ताईंना उभं राहवेना. ज्या बाजूचं दार उघडं होतं तिकडून त्या हळूहळू आत उतरल्या. उतरल्याच म्हणायचं, कारण सीट विहिरीसारखी खोल. काचेतून नुसता अंबाडा दिसत होता. स्टिअरिंगच्या पुढे बसल्या आहेत हे त्यांना कळलं की नाही, देव जाणे.

तेवढ्यात मॅनेजर आला, आणि त्याच्याबरोबर एक तरुण, एका ठेकेदाराचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता. अदबीनं हात जोडून म्हणाला, "अंकल, मेरी शादी है अगले महीने. पहली खेप में रायपुर को एक ही गाड़ी मिल रही है. मैंने घर में सबको बोल दिया है. आपका नंबर मुझे मिल जाता तो..."

मॅनेजरनं री ओढली, "बाबूजी, दूसरी भी दो-तीन महीने में आ ही जाएगी. आपको कौन सी जल्दी है?"

आयुष्यभर प्रत्येक स्टेशनमास्तरनं या माणसाला हेच विचारलं होतं. साडभाऊंचा चेहरा मऊ झाला. तोंड उघडलं. ते तोंड मी चांगलं ओळखतो. त्यातून "ले जा बेटा" याशिवाय दुसरं काही निघत नाही. मी पुढे सरलो, आणि इतक्यात गाडीचा हॉर्न असा वाजला की मॅनेजरच्या हातचा मोबाइल पडला.

"अहो!" आतून ताई म्हणाल्या. "इकडे या."

शोरूमच्या दोन पोरी धावल्या. "आंटीजी, हाथ दीजिए, हम उठा देते हैं."

"हात काढ पोरी. मी उठत नाही आहे."

साडभाऊ दाराशी वाकले. "काहून वं? गुडघे धरले काय?"

"गुडघ्याले काही नाही झालं. तुम्ही आता त्याले हो म्हणसान. तुमच्या तोंडून ‘नाही’ निघेपर्यंत मी इथून हालत नाही."

"अवं, त्याचं लगन आहे."

"माझंबी होतं."

त्या पोरींना मराठी कळत होती की नाही ठाऊक नाही, पण त्या खाली पाहू लागल्या. मला राहवेना. मी मॅनेजरला म्हणणार होतो की नहीं मतलब नहीं, पण ताईंनी मला गाडीतूनच दटावलं, "भाऊजी, तुम्ही बोलू नका. तुम्ही तं साऱ्या जन्माचं नाहीच म्हणून राहिले. त्याइले म्हणू द्या."

साडभाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. कपाळावर त्या थंडाव्यात घाम. पोराकडे पाहिलं, ताईंच्या अंबाड्याकडे पाहिलं. एका शब्दासाठी माणसाला इतकी मेहनत पडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं, नाही व्हायचं. ताई रात्री कुलूप लागेपर्यंत इथेच बसतील, आणि हा माणूस उभाच राहील.

"नहीं बेटा," ते म्हणाले. आवाज बारीक, परभाषेतला शब्द पहिल्यांदा उच्चारून पाहावा तसा. "इस बार हमारा नंबर है." आणि लगेच, "माफ करना हाँ? शादी कौन सी तारीख की है? लड़की कहाँ की है?"

पोरगा आधी हिरमुसला. मग काय वाटलं कोण जाणे, वाकून साडभाऊंच्या पाया पडला, गाडीत डोकावून ताईंना नमस्कार केला आणि म्हणाला, "आंटी, आप पे जम रही है." ताई विजयानं उठायला गेल्या, तर आता मात्र गुडघ्यांनी खरोखर दगा दिला. त्या पोरी, मॅनेजर, मी आणि तो नवरदेव, सगळ्यांनी मिळून त्यांना बाहेर ओढलं. त्या इतक्या हसत होत्या की ओढणाऱ्यांची पकड सुटत होती. त्यांना अशा हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. साडभाऊही बघत राहिले होते.

परतताना मात्र ते अंग चोरून बसलेले. एखाद्याच्या खिशातून काही काढून आणल्यासारखे. तेलीबांधा चौक ओलांडल्यावर म्हणाले, "त्या पोट्ट्याचं तोंड उतरलं होतं न?"

"उतरलं तं उतरलं. पुन्हा चढलं," ताई मागून म्हणाल्या. "दोन महिन्यानं त्याले दुसरी भेटते. मले दुसरे गुडघे भेटले काय?"

तात्यापाऱ्याच्या तोंडाशी गाडी थांबवली तेव्हा मीच म्हटलं, "साडभाऊ, गाडी तुमची झाली. आता चालवाले शिका. उद्या सकाळी तयार राहा." खरं तर मी माझं स्टिअरिंग कुणाच्या हातात देत नाही, पोटच्या लेकालाही नाही दिलं. पण नाही म्हणू शकणाऱ्या माणसाला निदान ब्रेक मारता येईल, असा माझा हिशेब.

ती लाल गाडी हे लिहीपर्यंत आलेली नाही. कंपनीनं तारीख पुन्हा पुढे ढकलली. मधल्या काळात तो पोरगा दुसऱ्याच कुठल्या गाडीतून वरातीला गेला, आणि साडभाऊ त्याच्या लग्नात शेवटच्या पंगतीला जेवून आले. आम्हा तिघांच्या वयाला तारखा पुढे ढकलणं किती परवडेल, हे मी त्या कंपनीला विचारणार होतो, पण साडभाऊंनी विचारू दिलं नाही.

तर शोरूमला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. साडभाऊ कडक इस्त्रीच्या पँटमध्ये, बुटांना पॉलिश. बरोबर ताई, पायात लेकाचे जुने कापडी बूट. मला वाटलं तमाशा बघायला येताहेत. नव्या रायपूरचे रस्ते एवढे रुंद आणि एवढे मोकळे, की सरकारनं ते शिकाऊ लोकांसाठीच बांधले असावेत. एका लांब सरळ रस्त्यावर मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसलो. म्हटलं, "या, साडभाऊ."

ते उतरले. वळसा घालून आले, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दार धरून तसेच उभे राहिले. मागच्या सीटकडे बघून म्हणाले, "ये. बस."

ताई म्हणाल्या, "मी?"

"काल तिथं बसली होती तं किती चांगली दिसत होती. पयले तू शीक."

मी ओरडणार होतो. नंबर तुमचा, गाडी तुमची, आणि पुन्हा तेच! पण ताईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि नुसता हँडब्रेक ओढला. त्या सीटला धरत धरत उतरल्या, दाराशी आल्या, आणि एकदा साडभाऊंकडे पाहिलं. मग बसल्या. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं.

"अन् तुम्ही कधी शिकसान?"

दारात अडकू नये म्हणून साडभाऊंनी ताईंच्या पदराचं टोक उचलून आत सारलं, दार हळूच लावलं, आणि मागं जाऊन बसले.