सेल्वमचं 'एकच'

मालिशच्या तेलाचा उग्र वास आला की मी अजूनही अण्णा नगरच्या आमच्या जिन्यात जाऊन उभा राहतो.

त्या दुपारी अप्पांना भयंकर धाप लागली. लिफ्ट बंद आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. जिममध्ये कमावलेले दंड मी रोज आरशात कौतुकाने पाहायचो. वडिलांना दवाखान्यात न्यायचं म्हणून खुर्चीसकट उचलायला गेलो, तर खुर्ची जागची हलेना. रडतच जिममधल्या सेल्वमला फोन केला. तो आणि त्याचे दोस्त तेल चोपडलेल्या अंगानेच धावत आले आणि त्यांनी खुर्ची उचलली.

अर्ध्या जिन्यात अप्पांची मान कलली. मी कठडा धरून थांबलो. सेल्वम मात्र जिममध्ये मी वजन उचलताना माझ्यावर ओरडायचा, तसाच तमिळमध्ये ओरडला, "सोडू नका अप्पा! आणखी एकच श्वास! एकच!"

जिममध्येही त्याचं 'एकच' कधीच एक नसे. अप्पांनी श्वास घेतला.

"सूपर, अप्पा! आता शेवटचा!"

शेजारी दारातून बघत होते. मला त्या आरडाओरड्याची लाज वाटली. आता वाटतं, मीही ओरडायला हवं होतं.

इतकी वर्षं जिमला जाऊनही माझं सुटलेलं पोट आहे तिथेच आहे. अप्पा मात्र पुढे कित्येक वर्षं, धाप लागली की, स्वतःलाच दटावायचे, "आणखी एकच."