मालसुनचं रडणं

कोरियातल्या मोकपोच्या बंदरामागे एक जुना हमामखाना आहे. तिथे मालसुन तेवीस वर्षं बायकांची अंगं चोळून मळ काढते. मनगटं कायमची सुजलेली, आणि कंबर अशी की सकाळी उठताना आधी कुशीवर वळावं लागतं. दोन गिऱ्हाइकांच्या मधे वेळ मिळाला की कपडे बदलायच्या खोलीत खालून तापवलेल्या जमिनीवर आडवं व्हायचं, एवढंच तिचं सुख.

त्या दुपारी ती तशीच पडली होती. गल्ल्यावरची पिलनाम अंडी सोलत टीव्हीवर मालिका बघत होती.

"ताई, आज शेवटचा भाग आहे. बघा तरी."

"तूच बघ. खोटं खोटं मरायचे पैसे मिळतात त्यांना."

पण डोळा लागेना. पडद्यावर एक तरुण आपल्या मरणाऱ्या बायकोचे पाय कोमट पाण्यात घेऊन बसला होता. फार हळू, एकेक बोट धूत होता. ती म्हणाली, "पाणी गार झालं असेल." तो म्हणाला, "असू दे, मला कुठे घाई आहे?" थोड्या वेळाने तिचा पाय त्याच्या हातात नुसता राहिला.

मालसुन उठून बसली. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की पिलनामच्या हातातलं अंडं खाली पडलं.

"अगंबाई! काय झालं, ताई? नाटक आहे हो ते!"

नवरा दोकसू गेला तेव्हा मालसुन रडली नव्हती. अंत्यविधीला आलेल्यांच्या जेवणावळीची भांडी मोजण्यातच तिचे ते तीन दिवस गेले होते. दोकसू मासेमारी बोटीवरचा माणूस, लकवा होऊन चार वर्षं अंथरुणाला खिळला. दिवसभर परक्यांची अंगं चोळून आल्यावर ती त्यालाही पुसायची, भराभर, तोंडातून शब्द न काढता. एकदा वाकड्या तोंडाने तो कसाबसा म्हणाला होता, "आज जरा हळू."

ती म्हणाली होती, "सकाळपासून चौदा पाठी झाल्यात. तुझी पंधरावी."

त्यानंतर त्याने कधी काही मागितलं नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आता पिलनामला सांगितलं. पिलनामने बार्लीच्या पाण्याचा पेला पुढे केला.

"थकला होतात हो तुम्ही."

"हो," मालसुन म्हणाली. "थकलेच होते. पण त्याला काय ठाऊक? त्याला वाटलं असेल, चिडलेय."

तेवढ्यात आतून हाक आली. भाजीबाजारातली गोंग आजी ओल्या बाकावर पालथी पडून वाट बघत होती. मालसुनने तोंडावर पाणी मारलं, हातात खरखरीत मोजा चढवला आणि आजीच्या खांद्यापासून सुरुवात केली.

थोड्या वेळाने आजी कुरकुरली, "काय गं, आज हातात जोर नाही? कुरवाळतेस की मळ काढतेस?"

"दुखेल म्हणून, आजी."

"दुखू दे की! चांगली खसखसून काढ. मला घरी जाऊन मुळे खारवायचेत."

मालसुनने नाक ओढलं, कंबरेवर हात ठेवून क्षणभर सरळ उभी राहिली आणि मग जोर लावला.