सोमलतेचा काढा

काशीत रामघाटावरच्या घरात दोन वर्षं माझं मुख्य काम एकच होतं, ते म्हणजे नको म्हणणं.

माझे सासरे, आमचे मामंजी, पाठशाळेत वेद शिकवायचे. देवापुढे साष्टांग नमस्कार घालून उठले की त्यांचं कपाळ ठणकायचं, छाती धडधडायची, चेहरा पांढराफटक पडायचा आणि धोतर घामानं भिजायचं. विद्यार्थ्यांना तो भक्तिभाव वाटायचा. पाव तासानं मामंजी भात मागायचे आणि मी ओलं धोतर पिळत बसायची.

सरकारी इस्पितळातल्या बंगाली डॉक्टरनं रक्तदाब मोजला, एकदा झटका आलेला असताना आणि एकदा तो ओसरल्यावर. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असावी म्हणाला. ती रस सोडते, तो रक्तात उसळतो. कापून काढावी तर क्लोरोफॉर्मच सोसायचा नाही. छातीला जोर देणारं औषध तर यांना विषच. माझे यजमान नोकरीला ग्वाल्हेरला, म्हणून त्यानं मलाच बजावलं, "हमसे पूछे बिना कोई दवा मत देना."

पण काशीत औषधांना काय तोटा? पंचगंगा घाटावर स्नान करून येणारा जो तो पुडी घेऊन यायचा. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. धोतर पिळायला कोणी नाही. मी प्रत्येकाला नको म्हटलं आणि गल्लीभर कजाग ठरले. खरं सांगते, मला मामंजींचाही वीट आला होता.

माघात त्यांना सर्दी होऊन दम लागला. दुर्गाघाटावरचे वैद्य, त्यांचे लहानपणचे सोबती, सोमलतेचा काढा घेऊन आले.

"फिकर करू नका, सूनबाई. वेदातला सोम तो हाच. वैदिकाला कसा बाधेल?"

डॉक्टरला विचारून येते, मी म्हटलं. मामंजी हसले.

"जन्मभर सोमाच्या ऋचा म्हटल्या, चाखला कधी नाही. दे की जरा."

इस्पितळ लांब होतं. सकाळपासून तीन धोतरं धुऊन झाली होती. मी वाटी त्यांच्या हातात दिली.

अर्ध्या तासात ते डोकं धरून कळवळले, मग तोंडाला गुलाबी फेस आला. डॉक्टर पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानं वाटी हुंगली. सोमलता म्हणजे छातीला जोर देणारंच औषध.

"किसने दिया?"

"मैंने," मी म्हटलं. वैद्य मान खाली घालून बसले होते.

काशीत मरण, तेही सोम पिऊन, म्हणून घाटावर लोकांनी हात जोडले. मला कोणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं. त्या एका सकाळी मला नको म्हणायचा कंटाळा आला होता.