एकाग्रता निवडा

आमच्या कुरुंद्याच्या शेतात हळद शिजवणं चालू होतं, तेव्हा मी चार दिवसांसाठी पुण्याहून घरी आले होते. डेटा सायन्सच्या एम.एस्सी.ला होते. पुढच्या वर्षी नेमकं कशात खोल जायचं ते कॉलेजला कळवायचं होतं. इंग्रजीत त्याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. शेतात माझ्या फोनला रेंज नव्हती, बाबांच्या फोनला होती. म्हणून कॉलेजचं पान त्यांच्या फोनवर उघडलं आणि तसंच सोडून चहा आणायला गेले.

बाबांचा फोन इमानदार. इंग्रजी दिसलं की विचारल्याशिवाय मराठी करून टाकायचा. मी परत आले तेव्हा बाबा वाफाळत्या बॉयलरशेजारी उभं राहून वाचत होते.

‘कृपया तुमची एकाग्रता निवडा. एकदा निवडलेली एकाग्रता बदलता येणार नाही. मुदतीत एकाग्रता न आढळल्यास पुढील प्रवेश थांबवला जाईल.’

त्यांनी फोन खिशात घातला. चहासुद्धा उभ्यानंच घेतला.

दुसऱ्या दिवशी वसमतहून मामा आला. त्याचं तिथं बी-बियाणांचं दुकान आहे आणि आमच्या घरातली कोणतीही अडचण आधी त्याला कळते. पिशवीत बदाम, अक्रोड आणि ब्राह्मीचं तेल होतं.

“दाजींनी सांगितलं मला. घाबरायचं न्हाई,” मामा म्हणाला. “कालेजवाले आता शिस्तीचे झालेत, चांगलंच हाय की.”

मी काही बोलायच्या आत त्यानं माझ्या टाळूवर तेल थापलं. मग स्टुलावर मेणबत्ती लावली आणि मला तिच्याकडं टक लावून बघायला सांगितलं. त्यानं कुठलंसं योगाचं शिबिर केलं होतं. वर पंखा चालू होता. मेणबत्ती विझायची, मामा परत लावायचा. पंखा बंद केला तर उकडायचं, म्हणून तो पुन्हा लावायचा. शेवटी मी समोर आहे हेच तो विसरला, इतका त्या ज्योतीत गुंतला.

तेल डोळ्यात उतरल्यावर मी ओरडले, “मामा, ती एकाग्रता न्हाई! विषय निवडायचाय!”

“मग तसं लिहावं की सरळ,” बाबा म्हणाले. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. आजारपणाचा निरोप चुकीच्या घरी आला होता म्हणा ना.

आता घरातले सगळे विषय निवडायला बसले. फोन मध्ये ठेवला. बाबा मराठीतून एकेक नाव वाचायला लागले. ‘कालमालिका’, म्हणजे टाइम सिरीज, आल्यावर आई म्हणाली, मालिका बघायला पुण्यापर्यंत काहून जायचं? ‘यंत्र शिक्षण’, म्हणजे मशीन लर्निंग, मामानं उडवून लावलं. ते शेजारचं पोरगं आयटीआयमधे शिकून राहिलं म्हणाला. ‘नैसर्गिक भाषा प्रक्रिया’वर मात्र बाबा थबकले. प्रक्रिया हा शब्द त्यांच्या जवळचा. हळदीवर ते वर्षानुवर्षं तीच करत आलेत.

“ह्याच्यात माल वाळवावा लागतो का?” त्यांनी विचारलं. ते चेष्टा करत नव्हते.

माझा स्वतःचा कल ‘संगणक दृष्टी’कडं होता. वर्गातले बरेच जण तेच घेत होते. फोटो बघून यंत्रानं वस्तू ओळखायची, असं मी समजावून सांगितलं. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, एवढा वेळ दाराशी लसूण सोलत बसली होती. ती उठून माझ्यासमोर आली आणि तिनं बोटांनी आपला डोळा ताणून उघडला.

“बघ माय. ह्या डोळ्यानं समदं धुरकट दिसून राहिलं.”

“आत्या, मी डोळ्यांची डॉक्टर न्हाई होणार.”

“दृष्टीचं शिकाया लागली म्हनली ना? मग थोडंतरी येत असंल.”

मी पाहिलं. मला तर काही येत नव्हतं, पण बुबुळावर आलेलं पांढरं कुणालाही दिसलं असतं. इतके दिवस तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. लसणात साली राहायला लागल्या म्हणून आई तिच्यावर चिडायची, तेवढंच.

म्हणून मुदतीच्या दिवशी मी कॉलेजच्या पानासमोर बसायचं सोडून आत्याला घेऊन वसमतच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बसले. नर्सनं डोळ्यात थेंब घातले आणि तासभर थांबा म्हणाली. आत्याला काही दिसेना, तशी ती कंटाळली. मी तिच्या हातात फोन दिला, बोलायचं बटण दाबलं आणि म्हटलं, विचार काय विचारायचं ते.

आत्यानं फोन तोंडाशी धरला. “डोळ्याला धुरकट काहून दिसतंय?”

फोननं ऐकलं ‘कानून’. जवळचे वकील दाखवले.

“काय म्हनतंय?”

“वकील गाठ म्हणतंय.”

“वकील?” आत्या हादरली. “डोळ्यासाठी? आरं, मी काहून विचारून राहिले, काहून!”

फोननं आणखी वकील दाखवले. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा, त्यांच्याही डोळ्यात थेंब होते, हवेकडं बघत म्हणाले, “बराबर हाय त्याचं. माझीबी जमिनीची केस होती, तवापासूनच नजर गेली.”

मी इतकी हसले की नर्सनं दटावलं. हसता हसता मला वाटलं, या यंत्राला आत्याचं बोलणं कुणी कधी ऐकवलेलंच नाही. त्याला एकाग्रता माहीत, कानून माहीत, पण ‘का’ विचारायला आमच्या घरात दिवसातून शंभरदा येणारा ‘काहून’ त्याच्या गावीच नाही. मला त्याचा राग आला आणि थोडी कीवही आली. तिथंच बाकावर बसून मी यंत्राला माणसांची भाषा शिकवायचा तो ‘नैसर्गिक भाषा प्रक्रिया’ विषय निवडला. बटण दाबून टाकलं. वर्गातल्या मैत्रिणींना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. पट्टी निघाल्यावर तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, “लई काळी पडलीस गं.”

पुढच्या वर्षी पहिलंच काम मिळालं, आपल्या भागातलं रोजचं बोलणं रेकॉर्ड करून आणायचं. मी पहिल्या बसनं गाव गाठलं. आत्याला ओसरीवर बसवलं, माईक लावला, म्हटलं, “आत्या, नेहमी बोलतेस तसं बोल.”

तिनं पदर सावरला. घसा खाकरला. माईककडं टीव्हीतल्या बातम्यांच्या बाईसारखं रोखून पाहिलं.

“नमस्कार,” आत्या म्हणाली. “आज मी सकाळी लवकर उठले आहे. तद्‌नंतर मी भाकरी केलेली आहे. हवामान आनंददायी आहे.”

मी किती विनवण्या केल्या. माईक बंद केला की भांडायची, “काहून तरास देऊन राहिलीस?” आणि चालू केला की परत तद्‌नंतर. दारामागं बाबा आणि मामा श्वास रोखून उभे होते. तिचं झाल्यावर त्यांनाही तसंच बोलायचं होतं.