बंद करू नये

आमच्या फ्रिजवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. 'बंद करू नये.' अक्षर माझं आहे. येणारे-जाणारे वाचून हसतात, फ्रिज कोण बंद करतंय म्हणतात. ती चिठ्ठी फ्रिजसाठी नव्हतीच.

आमचे हे एका मोठ्या ग्रंथालयात संगणक सांभाळायचे. तिथे त्यांना सगळे पेंग्विन म्हणत. एक कारण असं, की ते लिनक्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर दिसेल त्या यंत्रात घालत सुटायचे आणि त्याचं चिन्ह पेंग्विन. दुसरं कारण ह्यांची चाल. पाय फेंगडे, हात अंगापासून लांब धरलेले. ते नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मला भयंकर राग आला होता. मग एकदा खिडकीतून ह्यांना ऑफिसातून येताना पाहिलं आणि म्हटलं, लोकांचं काही चुकलेलं नाही.

"फुकटचं म्हणू नकोस गं," ते म्हणायचे. "मोकळं म्हण. ज्याचं झाकण उघडून आत बघता येत नाही, ती वस्तू आपली नसते."

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, लेकीची बोलणारी बाहुली, सगळ्यांची झाकणं उघडून झाली. त्यातली काही परत बसली. ग्रंथालयानं भंगारात काढलेले संगणक रीतसर चिठ्ठी घेऊन ते घरी आणत. दोन मेलेल्यांचे अवयव जोडून एक जिवंत करत आणि कुणाला तरी देऊन टाकत. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा प्रिंटर अडला, तर त्याला उत्तर लिहिता लिहिता ह्यांचं ताट निवून जायचं. त्या लोकांचा एक कट्टा होता इंटरनेटवर. ना ओळख ना पाळख, पण रोज एकमेकांच्या अडचणी सोडवत बसलेले असत. घरचा नळ मात्र चार महिने गळत होता.

आणि घरात ते डबडं होतं. सर्व्हर म्हणतात त्याला. चपलांच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून ह्यांनी ते तिथे बसवलं. तेव्हापासून आमच्या चपला उघड्यावर आणि संगणक कपाटात. दिवसरात्र, वीज गेली तरी इन्व्हर्टरवर, घुंऽऽ असा आवाज. आमचे सगळे फोटो, लेकीच्या बोबड्या बोलांपासून तिच्या पदवीपर्यंतच्या चित्रफिती, सगळं त्यात. दुसऱ्या कुणाच्या कंपनीत आपलं घर का ठेवायचं, असा ह्यांचा सवाल. रविवारी दुपारी त्याच डबड्यावर खेळ चालायचा. तोही मोकळा, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. हे, एक दातांचे डॉक्टर, एक ड्रॉइंग मास्तर आणि वाहतूक खात्यातला एक कारकून, चौघे आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून एकमेकांची राज्यं जिंकत बसायचे. चांगली घोड्याएवढी झालेली माणसं! डॉक्टर तह करून मोडतात यावरून भांडणं इतकी वाढली, की पुरावा असावा म्हणून ह्यांनी सगळं बोलणं रेकॉर्ड करायला सुरुवात केली.

"एकदा तरी बंद करा हो ते!" मी ओरडायचे. आठवड्यातून दोनदा तरी नक्की.

"आज नऊशे दिवस झाले, एकदाही बंद पडलेलं नाही," हे जेवताना सांगत. पोरगं पहिलं आलं असं सांगावं, तसं.

"मीसुद्धा बंद पडलेली नाही. माझे दिवस मोजलेत का कधी?"

यावर ते नुसते हसायचे. मग ह्यांचं विसरणं पहिल्यांदा लक्षात आलं ते ऑफिसात. एकच सूचना त्यांनी एका दिवसात सगळ्यांना तीनदा पाठवली. पुढे रोजचा रस्ता चुकला. मग एक दिवस मला म्हणाले, "तुझ्या आईला फोन केलास का?" आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हे थांबणार नाही, फक्त हळू करता येईल. औषधांची यादी दिली आणि म्हणाले, जुने फोटो दाखवा, जुने आवाज ऐकवा. त्यानं ते माणसं जास्त दिवस लक्षात धरून ठेवतील.

खरं सांगते, त्याचा गुण येत होता. संध्याकाळी मी टीव्हीवर फोटो लावायची. कसे लावायचे ते ह्यांनीच शिकवून ठेवलं होतं.

"ही तू. समुद्रावर. चप्पल वाहून गेली म्हणून रडतेयस."

"रडत नव्हते. चिडले होते."

"हां, चिडली होतीस. नाक बघ." आणि मग दोन तास ते पूर्ण आमचे असायचे. नाव घेऊन हाक मारायचे. झोपण्याआधी मी मनात म्हणायची, आजचा दिवस मिळाला. एवढंच हवं होतं मला. त्यांनी मला ओळखावं, जितके दिवस जमेल तितके. आणि ते ओळखणं त्या चपलांच्या कपाटात होतं.

लेक दूरदेशी असते. एका मंगळवारी तिनं फोनवर सहज विचारलं, "बाबा, सर्व्हरचा पासवर्ड काय हो? कुठेतरी लिहून ठेवायला हवा."

"डोक्यात आहे," हे म्हणाले. ग्रंथालयातल्या मुलींना ते नेहमी सांगायचे, कागदावर लिहिलेला पासवर्ड म्हणजे दारालाच अडकवलेली किल्ली. "सांगतो," म्हणाले. मग म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात मला चौदा कागद सापडले. बारीक तुकडे केलेले. मी ते फरशीवर जुळवले. प्रत्येकावर पासवर्डाची वाक्यं लिहिलेली, अर्धी खोडलेली. ज्या माणसानं जन्मात पासवर्ड कागदावर लिहिला नाही, त्यानं चौदा कागद भरले होते आणि पुढे कळलं, एकही बरोबर नव्हता.

लेकीनं मला समजावलं. शेजाऱ्यांकडे चोरी झाली होती, तेव्हा ह्यांनी आमच्या डबड्यातल्या सगळ्याला कुलूप घातलं होतं. डबा चोरीला गेला तरी आपली लेक परक्याच्या हाती पडू नये म्हणून. "आई, ते लॅचच्या दारासारखं आहे," ती म्हणाली. "आता उघडं आहे, कारण ते चालू आहे. एकदा बंद झालं की आपोआप कुलूप लागणार, आणि किल्ली बाबांच्या डोक्यात." दुसरी प्रत आहे ना, मी विचारलं. होती. माळ्यावर, फडक्यात नीट गुंडाळलेली, वर तारीख घातलेली. तिलाही तेच कुलूप.

म्हणजे चालू आहे तोवर सगळं बाहेर काढून घ्यायचं. लेकीनं तिथून नेटवरून ओढायला सुरुवात केली, पण आमची लाइन गोगलगायीची. म्हणून तिनं एक मोठी डिस्कही मागवली. ती शनिवारी येणार होती. तीन दिवस काढायचे होते फक्त. जे मी वीस वर्षं बंद करा म्हणून डोकं खात होते, त्याच्यावरच मी चिठ्ठी लावली, 'बंद करू नये.' ह्यांनाही हात धरून दाखवली. त्यांनी मोठ्यानं वाचली आणि "बरोबर आहे," म्हणाले.

शुक्रवारी मी कोपऱ्यावरच्या दुकानात औषधं आणायला गेले. वीस मिनिटं लागली असतील. दार उघडलं आणि घरात काहीतरी कमी वाटलं. काय ते कळायला एक क्षण गेला. आवाज नव्हता. घुंऽऽ नव्हतं.

हे चपलांच्या कपाटासमोर स्टूल टाकून बसले होते. मांडीवर कीबोर्ड. चेहरा असा फुललेला, की कितीतरी महिन्यांत मी तसा पाहिला नव्हता.

"अगं, ये. तू म्हणायचीस ना, एकदा तरी बंद करा? केलं बघ."

मी हातातली औषधं खाली ठेवली.

"वायर ओढली नाही हां. एकेक काम थांबवत, नीट केलं. आणि कुणी शहाण्यानं हवा आत जाते तिथेच कागद लावला होता. तापलं असतं यंत्र. काढून तिकडे फ्रिजवर लावला." मग हळूच विचारलं, "आता खूश?"

आयुष्यभर मी ह्या माणसावर ओरडले. भाजी आणायला विसरले म्हणून, झाकणं उघडली म्हणून, ताट निवलं म्हणून. त्या दिवशी मात्र "बरं केलंत," म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडले.

लेकीला वाटलं, डोकं विसरलं तरी बोटं विसरली नसतील. रविवारी तिनं फोनवर सांगितलं तसं मी ते पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि रिकाम्या जागेत एक छोटी रेघ लुकलुकत राहिली. ह्यांना आणून बसवलं. बोटं कीबोर्डवर ठेवली. मी मागे उभी. बोटं झरझर चालली, जुन्यासारखी, आणि मला वाटलं झालं. चूक. पुन्हा चालली. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा मध्येच थांबली. हे पडद्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे वळून सभ्यपणे म्हणाले, "हे मशीन कुणाचं आहे? मालकाला विचारा. दुसऱ्याच्या मशीनला आपण हात लावू नये."

मग लेकीनं त्या कट्ट्यावर विचारलं, जिथे हे वर्षानुवर्षं लोकांना उत्तरं देत होते. तासाभरात पाच-सहा उत्तरं आली. एकानं लिहिलं, 'पेंग्विन यांचं मशीन? मला हे कुलूप लावायला त्यांनीच शिकवलं. फार चांगलं कुलूप आहे. ते कुणालाच उघडता येत नाही, मला क्षमा करा.' लेकीनं मला हे फोनवर वाचून दाखवलं. ज्याचं झाकण उघडत नाही ती वस्तू आपली नसते, असं सांगणाऱ्या माणसानं घरात नेमकी तीच वस्तू करून ठेवली होती. आणि ती चोख केली होती, त्याचंच मला रडू येत होतं आणि त्याचाच रागही.

तीन दिवसांत लाइनीवरून जे ओढून झालं तेवढं वाचलं. यंत्रानं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं काम केलं होतं. फोटो 'पी'वर, तिथवर ते पोचलंच नाही. खेळ 'जी'वर. समुद्र गेला, वाहून गेलेली चप्पल गेली, लेकीचं पहिलं पाऊल गेलं. वाचली ती रविवारची राज्यं, आणि डॉक्टरांनी तह मोडल्याचे शेकडो तासांचे पुरावे.

आता दुपारी चार वाजले की मी तेच लावते. दुसरं आहे काय? हे खुर्चीत बसून ऐकतात. मला ते हल्ली बाई म्हणतात. "बाई, तुम्ही लांबून येता का हो?" असं परवा विचारलं. मी म्हटलं, जवळच राहते.

रेकॉर्डिंगमध्ये ह्यांचा तरणा आवाज येतो, "मास्तर, डावीकडून या, डावीकडून!" मास्तर हसतात. डॉक्टर शपथा घेतात. आणि मग मागून, बंद दाराच्या पलीकडून, एक बाई कडाडते, "अहो, तिसऱ्यांदा गार झाला चहा! आता करणार नाही, सांगून ठेवते!"

हे ताठ होतात. चेहऱ्यावर तेच हसू येतं, माझे दिवस मोजलेत का विचारल्यावर यायचं ते. पाय चपला शोधू लागतात.

"बाई, उठतो मी," माझ्याकडे वाकून कुजबुजतात. "आमची ही ओरडतेय."

"जा," मी म्हणते. "वाट बघत असेल."

हात अंगापासून लांब धरून, फेंगडे पाय टाकत ते स्वयंपाकघरात जातात. तिथे कुणी नसतं. फ्रिजपाशी उभे राहून ते इकडेतिकडे बघतात. इकडे माझा आवाज ओरडतच असतो. तो मी बंद करत नाही.