फलाट क्रमांक तीन, एका दमात

घर सोडल्याची आठवण म्हटलं की आई पदराने डोळे पुसणार, असंच वाटलं ना? आमची आई अमळनेर स्टेशनवर पोलिसासारखी माझे खिसे चाचपत होती. दम्याचा पंप सापडला, तेव्हा कुठे मला गाडीत चढू दिलं. वर म्हणाली, "आता स्टँडवाला करून दाखव."

स्टँडवाला म्हणजे आमच्या एसटी स्टँडवरचा अनाउन्सर. नाकातून बोलतो. "पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे," आणि मग सगळे थांबे. मी शाळेपासून त्याची नक्कल करतो. पूर्ण एका दमात झाली की आई समजायची, पोराची छाती मोकळी आहे. डॉक्टर नंतर.

बडोद्याला मांजलपूरमध्ये जिग्नेश नावाच्या रूममेटबरोबर राहायला लागलो. शेवभाजीवर वाढलेला मी गोड डाळ ओरपायला शिकलो, भाजीवाल्या मासीशी गुजरातीत भांडायलाही. पण संध्याकाळी फोनवर आईला स्टँडवाला लागायचाच. एकदा तब्येत ठणठणीत असताना तो जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला. असू दे, अडीअडचणीला.

नवरात्र संपली आणि अर्धी सोसायटी खोकायला लागली. माझं आधी नाक, मग घसा, मग छातीत ती ओळखीची शिट्टी. थांबे घेताना धुळ्यापर्यंतही दम पुरेना. म्हणून आईला रेकॉर्डिंग लावायला लागलो. ती खूश.

एका संध्याकाळी पंप मारूनही हवा आत जाईना. मी पलंगावर ओणवा, आणि उशाशी माझाच आवाज खणखणीत गावं घेत चाललेला. माझ्यावाचून त्याचं काहीच अडत नव्हतं.

आईने फोनवरून मध्येच विचारलं, "बापू, जेवलास का?"

आवाज चालूच.

"बापू, थांब जरा."

मालेगाव गेलं. चांदवड गेलं. बंद करायला माझा हात उचलेना. आईने फोन ठेवला. लगेच बाहेरच्या खोलीत जिग्नेशचा फोन वाजला. तो धावत आला, माझे निळे ओठ बघितले आणि मला उचलून रिक्षात घातलं.

दुसऱ्या दिवशी तोंडावर वाफेचा मास्क, समोर आई. आता घर म्हटलं की मला ते स्टेशन आठवत नाही, वॉर्डात सगळ्यांदेखत तिने काढलेली खरडपट्टी आठवते.

"गाडी रद्द झाली तरी स्टँडवर ती लागलेली आहे म्हणून सांगतात. मला तेच ऐकवत होतास? दोन गावांत दम संपला तर दोनच गावं सांग, मेल्या. तिसऱ्यापासून मी म्हणते."