बुढीचा कागद

१९६१ साल. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि दिग्रसच्या एका जिनात कापसाच्या गठानी बांधायच्या कामावर होतो. बायको त्याच जिनात रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकायची. पोरगी नऊ महिन्यांची. तिला माझी माय सांभाळायची. दिवाळीच्या तोंडावर माय गेली आणि पंधरा दिवसांत जिनाचा हंगाम सुरू झाला. एकाच्या मजुरीत भागत नव्हतं. पोरगी कुठं ठेवायची, हा प्रश्न दारात येऊन बसला.

जिनात लेकरू नेता येत नव्हतं असं नाही. काही बाया नेत, कापसाच्या ढिगाजवळ निजवत. पण तिथं रुईचा असा भुगा उडायचा की संध्याकाळी माणसाच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मोठा माणूस खोकतो, मग लेकराचं काय? बाकीच्या बाया लेकरू घरी ठेवत आणि सकाळी त्याला मोहरीएवढी अफू चाटवत. नखाच्या टोकावर घ्यायची, जिभेला लावायची. लेकरू दुपारपर्यंत हालत नसे. यात लपवण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

आमच्या घरात ते चालणार नव्हतं. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला. माझ्या बापानं पंचशील घेतलं आणि त्या दिवसापासून दारूच काय, बिडीसुद्धा तोंडाला लावली नाही. नशा करायची नाही, हे पाचवं शील. ते मोठ्यांनी पाळायचं आणि पोरीच्या जिभेवर अफू ठेवायची, हे मला जमणार नव्हतं. बायकोलाही नाही.

जिनात एक खोली होती. दारावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, पाळणाघर. आत यंत्राचे जुने पट्टे, तेलाचे डबे, फाटकं बारदान. बाहेरून कुलूप. हंगामात एकदा तपासणीचे साहेब यायचे. त्या दिवशी खोली झाडून दोन पाळणे टांगायचे आणि मुकादमाची बहीण नवं लुगडं नेसून आत बसायची. साहेब गेले की पुन्हा कुलूप. त्या वर्षी साहेब आले तेव्हा मी तिथंच होतो. साहेब मुकादमाला म्हणाले, ‘‘बाई कागदावरची पाहिजे. जिच्यापाशी सरकारी कागद नाही तिच्या हाती लेकरू देऊ नये.’’

ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. घरी येऊन बायकोला सांगितलं, पोरगी ठेवीन तर परवान्याच्या बाईकडंच.

‘‘अशी बाई दिग्रसात कोठी हाय?’’ ती म्हणाली.

‘‘शोधतो.’’

‘‘शोधा. कागद नसला तरी चालन मले. अफू देत नाई ना, एवढं इचारून घ्या.’’

‘‘कागदवाली बाई कायले अफू देईन?’’

मी खूप हिंडलो. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, तीन वर्षांची झाली की आणा. दवाखान्यातली नर्स म्हणाली, मी लेकरं जन्माला घालून देते, पुढचं तुमचं तुम्ही पाहा. शेवटी चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितलं, जिनाच्या मागं विहिरीपाशी एक बुढी राहते, ती बायांची लेकरं सांभाळते.

मी गेलो. टिनाची एक लांब पडवी, वरच्या बल्लीला ओळीनं सात झोळ्या टांगलेल्या. सातही लेकरं गप. एकाचा हुंकार नाही. मला ते फार आवडलं. मनात म्हटलं, ही बाई कामाची आहे, केवढी शिस्त लावली लेकरांना.

बुढी गुडघे धरून बसली होती. मी सरळ विचारलं, ‘‘माय, तुमच्यापाशी कागद हाय का? सरकारी?’’

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. ‘‘हाय ना, बापू. माह्यं सारं कायद्यात हाय. चोरून करत नाई मी.’’

टिनाच्या डबीतून फडक्यात गुंडाळलेला कागद तिनं काढला. मी तो उजेडात धरला. वर मोठ्या छापील अक्षरांत परवाना. खाली गोल शिक्का, बुढीचा अंगठा. मधे शाईनं बारीक लिहिलेलं होतं. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. छापील मोठं अक्षर मला येतं, मोटारीची पाटी येते, हातानं लिहिलेलं बारीक येत नाही. पण वस्तीत मी वाचणारा म्हणून माहीत होतो. लोक पत्रं घेऊन यायचे, तेव्हा मी चष्मा नाही, संध्याकाळ झाली, असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. तर तो कागद मी ओठ हलवत पाहिला, पुरता वेळ घेतला आणि घडी घालून परत दिला.

‘‘बरोबर हाय,’’ म्हटलं.

अफूचं विचारलं नाही. कागद पाहिल्यावर ते विचारणं मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी बुढीकडं जाऊ लागली. दुपारी बायांना दूध पाजायची सुट्टी असे. चौथ्या-पाचव्या दिवशी बायको म्हणाली, ‘‘पोरगी पेतच नाई. उठवली तरी डोळे उघडत नाई. माह्यी चोळी भिजून राह्यली, अन् ते झोपूनच.’’

‘‘झोळीची सवय लागली तिले.’’

‘‘घरी तं झोळीत किरकिर करे.’’

‘‘तो कागद म्या सोता वाचला,’’ मी म्हटलं. ‘‘तुले काय समजते त्यातलं?’’



पुढच्या आठवड्यात बुढीनं मला थांबवलं. दुसऱ्या दिवशी जिनाला सुट्टी होती. म्हणाली, ‘‘बापू, तू वाचता येणारा माणूस. माह्ये गुडघे चालत नाई. दारव्ह्याच्या कचेरीत जाऊन या कागदावर शिक्का मारून आणतं का? मुदत सरून राह्यली. सरली तं बंद पडन माह्यं.’’

बंद पडलं तर माझी पोरगी कुठं जाणार? मी सकाळच्या मोटारीनं दारव्ह्याला गेलो. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. कचेरीत तास-दोन तास उभा राहिल्यावर कारकुनानं कागद घेतला.

‘‘कोण तुझी ही?’’

‘‘माह्यी पोरगी सांभाळते. शिक्का पाह्यजे. अन् साहेब, पह्यले सात लेकरं होते, आता आठ झाले. तेबी यात लिहून द्या.’’

कारकुनानं कागद उलटा-पालटा केला. मग शेजारच्या टेबलावरच्याला म्हणाला, ‘‘अहो, जरा इकडं ऐका. काय रे, पुन्हा सांग. कसला परवाना आहे हा?’’

‘‘लेकरं सांभाळाचा.’’

‘‘वाचता येतं तुला?’’

‘‘येते.’’

‘‘मग वाच.’’

त्यानं बारीक ओळीवर बोट ठेवलं. मी वाचलं नाही. समोर दोन टेबलांवरचे दोघं आणि मागं रांगेत उभे पाच-सहा जण. शेवटी त्यानंच वाचलं, एकेक शब्द तोडून, लहान पोराला वाचून दाखवतात तसं. सांध्यांच्या दुखण्याकरता, डॉक्टरच्या शिफारशीनं, सदर बाईस दर महिन्याला इतकी अफू घेण्यास परवानगी.

‘‘लेकरं सांभाळायचा परवाना सरकार देत असेल तर देवो बापा, या टेबलावर तरी मिळत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आणि हिलाच यावं लागेल. जिचा अंगठा, तिनंच यायचं.’’

रांगेतला एक जण म्हणाला, ‘‘लेकरं चांगले झोपत असतीन ना, भाऊ?’’

बाकीचे हसले. मी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि बाहेर पडलो. मोटारीला वेळ होता, पण मी स्टँडवर बसलो नाही. तिथंही कोणी ओळखेल असं वाटलं.

दिग्रसला उतरून आधी बुढीकडं गेलो. सुट्टीमुळं झोळ्या रिकाम्या होत्या. कागद तिच्या पुढं टाकला.

‘‘तुमी लेकरायले अफू देता?’’

‘‘देतो ना. मोहरीएवढी. जास्त नाई.’’ ती अजिबात बावरली नाही. ‘‘नाई दिली तं आठ लेकरं एकट्या बुढीनं कसे पाहाचे? अन् तू आता काहून इचारतं? तुले कागद दाखवला होता. तूच तं वाचला, तूच बरोबर हाय म्हणला.’’

तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. कागदही खरा होता. त्यावर चिडून दाखवायला मला जागा राहिली नव्हती, हेच मला जास्त झोंबलं.

घरी बायको भाकरी करत होती. पोरगी तिच्या मांडीपाशी जागी होती आणि किरकिरत होती, दिवसभर तशीच किरकिरत असल्याचं बायको म्हणाली. मी टोपी काढून बसलो. तिनं विचारलं, ‘‘मारला का शिक्का?’’

मी सगळं सांगितलं. रांगेतला माणूस काय म्हणाला तेही सांगितलं. लपवायचं तर ते लपवता आलं असतं.

तव्यावरची भाकरी तिनं उलटली नाही. ‘‘मंग त्या दिवशी तुमी वाचलं काय?’’

‘‘वरचं.’’

‘‘वरचं मंजे?’’

‘‘मोठं अक्षर.’’

भाकरीचा करपल्याचा वास आला. तिनं ती उतरवून बाजूला ठेवली आणि पोरीला उचलून घेतलं. ‘‘म्या एकच इचाराले सांगतलं होतं,’’ ती म्हणाली. मग पोरीला थोपटत म्हणाली, ‘‘उद्या भोंगा झाला की पोरगी कोठी ठेवाची, ते सांगा.’’

‘‘पाहतो मी.’’

‘‘तुमी नका पाहू. तुमी पायलं तं हे झालं.’’

करपलेली भाकरी मी माझ्या ताटात घेतली. तिनं वाढली नव्हती.

सकाळी बायकोनं पदर खोचला आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाली, आज मी खाडा करते. मी म्हटलं, तू कामावर चाल. मायचं एक जुनं लुगडं होतं, ते काखेत घेतलं, पोरीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पुढं चालू लागलो. फाटकातून आत गेलो, गठानीकडं न वळता त्या कुलूप घातलेल्या खोलीकडं गेलो. दारापुढं ओसरी होती, तिला दोन खांब. लुगड्याची झोळी दोन्ही खांबांना बांधली, ओढून पाहिली, पोरीला आत घातलं आणि खाली बसकण मारली. ती रडत होती. तिची अफूची सवय मोडायची होती, मी रडू दिलं.

मुकादम आला. ‘‘हे काय लावलं? काम करायचं नाही का?’’

‘‘आज माह्यं काम हेच.’’

‘‘इथं बसायला कोणी सांगितलं तुला?’’

मी वर दारावरच्या पाटीकडं हात केला. ती अक्षरं मोठी होती. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली.

कामाचा भोंगा झाला. पोरीचा आवाज त्याच्याही वर जात होता. मी झोळीला हात लावून बसून राहिलो.